मीठ सोन्याच्या भारोभार विकलं जायचं का?

प्रश्न असा आला आहे: मध्ययुगात सहारा वाळवंटापलीकडे मीठ सोन्याच्या भारोभार विकलं जायचं, असं शाळेत शिकलो आणि आता व्हिडिओंतही तेच ऐकतो. हे खरं आहे का? आणि असेल, तर त्या लोकांना सोन्याची किंमत कळत नव्हती का?

पहिल्या भागाचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तरही 'नाही'च, पण त्याला वेळ लागेल, कारण त्यात एका अख्ख्या वाळवंटाचा हिशोब मांडावा लागतो. मध्ययुगीन व्यापार शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आणि दरवर्षी वर्गातून हाच प्रश्न येतो. त्यामागे एक समज दडलेला असतो, की पश्चिम आफ्रिकेतले लोक भोळे होते आणि उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांनी त्यांना चिमूटभर मिठावर लुटलं. हा समज मला मनापासून खटकतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

'भारोभार' ही गोष्ट जुनी आहे. बाराव्या शतकात ग्रानाडाचा अबू हामिद लिहितो की, त्या देशात मीठ सोन्याच्या वजनाइतकं, कधी दुप्पट वजनाला विकतात. हा माणूस इजिप्तपासून व्होल्गा नदीपर्यंत फिरला. सहारापलीकडची ही गोष्ट मात्र ऐकीव. प्रत्यक्ष त्या वाटेने जाऊन दर लिहून ठेवणारा माणूस दोनशे वर्षांनी भेटतो, तो म्हणजे इब्न बतूता. आपल्याकडे त्याचं नाव परकं नाही. त्याने दौलताबाद पाहिलं, मराठ्यांबद्दल लिहिलं आणि 1342 च्या सुमाराला सांदापूर, म्हणजे गोव्यावरच्या स्वारीत तो स्वतः होता. त्यानंतर दहा वर्षांनी, 1352 च्या फेब्रुवारीत, तो मोरोक्कोच्या दक्षिण टोकाच्या सिजिलमासा शहरातून तांड्याबरोबर सहारात उतरला.

त्याने दिलेला दर असा. एका उंटावरचं मीठ वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या वलाता गावात 8 ते 10 मिस्कालांना विकलं जाई. तेच पुढे माली राज्याच्या राजधानीत 20 ते 30 मिस्कालांना आणि कधी कधी 40 लाही जाई. मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम सोनं. उंटावरच्या ओझ्याचं वजन त्याने दिलेलं नाही, पण उंटाची ताकद तेव्हाही तीच होती जी आज आहे, म्हणून मी 150 किलो धरतो. आता तोळ्यात बघा. वलात्याला 10 मिस्काल म्हणजे साडेतीन तोळ्यांहून थोडं जास्त. म्हणजे एक तोळा सोन्याला सुमारे 41 किलो मीठ. राजधानीत 30 मिस्कालांचा दर धरला तर एका तोळ्याला 14 किलोच्या आसपास. दर 40 ला चढला तरी 10 किलो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-हसन अल-वझ्झान हा प्रवासी, ज्याला युरोपात लिओ आफ्रिकानस म्हणतात, तो टिंबक्टूत असताना एका उंटाच्या ओझ्याला 80 डुकाट पडत होते. डुकाट हे साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं नाणं, म्हणजे तोळ्याला सहा किलोच्या जरा वर. महाग खरंच, पण 'भारोभार' यापासून कित्येक कोस दूर.

वर्गात मी एकदा वाण्याकडून मिठाच्या एक-एक किलोच्या 14 पिशव्या आणून टेबलावर रचल्या आणि त्यांच्याशेजारी आईची एक तोळ्याची अंगठी ठेवली. मुलं बराच वेळ गप्प बसली होती. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, पण 14 किलो मीठ म्हणजे एका घराला दोन वर्षं पुरेल." ती बरोबर होती. तो दर मूर्खाचा नव्हता, आणि सोनं देणारा तर मुळीच मूर्ख नव्हता.

खरा प्रश्न पुढे आहे. वलात्याला 10 ला मिळणारं मीठ राजधानीत 30 ला कसं जातं? आणि वलात्याला तरी त्याला 10 का पडतात? इथे मीठ कुठून निघायचं ते बघावं लागतं.

सिजिलमासाहून 25 दिवसांच्या वाटेवर, आजच्या माली देशाच्या अगदी उत्तरेला, तघाझा नावाचं गाव होतं. इब्न बतूता तिथे दहा दिवस राहिला आणि ते दिवस त्याला नकोसे झाले. झाड नाही, नुसती वाळू. पाणी मचूळ, माश्यांचा सुळसुळाट. घरं आणि मशीदसुद्धा मिठाच्या ठोकळ्यांची, वर छप्पर उंटाच्या कातड्यांचं. लाकूड नाही, दगड नाही, मग माणूस जे पायाखाली आहे त्यानेच घर बांधणार. जमीन खणली की खाली मिठाच्या जाड लाद्या एकावर एक रचून ठेवल्यासारख्या सापडायच्या, जणू कुणी घडवून थप्पी लावली आहे. एका उंटावर अशा दोन लाद्या. आणि हे खणणारे कोण? मसूफा टोळीवाल्यांचे गुलाम. त्या गावात त्यांच्याशिवाय कुणी राहत नव्हतं, असं तो स्पष्ट लिहितो. त्यांचं खाणं म्हणजे उत्तरेकडून येणारा खजूर, उंटाचं मांस आणि दक्षिणेकडून येणारी भरड धान्यं. तिथे एक दाणाही उगवत नव्हता.

पुढच्या काळात अल-वझ्झान तघाझ्याला गेला तेव्हा त्याने लिहिलं की, धान्याचा तांडा वेळेवर आला नाही तर खणणारे आपल्या झोपड्यांत उपासमारीने मेलेले सापडत. सर्वांत जवळची वस्ती वीस दिवसांवर होती. वाऱ्याने उडणाऱ्या रेतीमुळे अनेकांचे डोळे जात. आणि याच गावात, इब्न बतूताच्या शब्दांत, सोन्याच्या भुकटीचे क्विंटलांवर क्विंटल व्यवहार होत. मी तघाझ्याबद्दल शिकवताना या ठिकाणी थांबतो, मुलांना वाचून दाखवतो आणि पुढे जायला मला थोडा वेळ लागतो.

तघाझ्याहून पुढे खरं वाळवंट. तासरह्ला नावाच्या पाणवठ्यावर तांडा तीन दिवस मुक्काम करायचा, कातडी पखाली शिवून दुरुस्त करायचा, त्यात पाणी भरायचा आणि वाऱ्याने पाणी सुकू नये म्हणून पखालींवर जाड कापड शिवून घ्यायचा. मग 'तकशीफ' पुढे पाठवला जाई. तकशीफ म्हणजे मसूफा टोळीचा वाटाड्या. तो एकटा वलात्याला जाऊन तांड्याची पत्रं पोहोचवायचा, म्हणजे तिथली मंडळी घरं ठरवून ठेवतील आणि चार दिवसांची वाट चालून पाणी घेऊन समोर येतील. तकशीफ वाटेत मेला तर वलात्यात कुणाला खबरच लागत नाही, आणि मागचा सगळा तांडा किंवा त्यातले बहुतेक लोक मरतात. इब्न बतूताच्या तांड्याने तकशीफला 100 मिस्काल दिले. म्हणजे 36 तोळ्यांच्या वर सोनं, वलात्याच्या दराने दहा उंटांवरच्या मिठाची किंमत, एका माणसाच्या एका फेरीला. तो माणूस एका डोळ्याने आंधळा होता आणि दुसरा डोळा दुखणाईत होता, तरी त्याच्याइतकी वाट कुणाला ठाऊक नव्हती. त्याच तांड्यातले दोन चुलतभाऊ भांडले, त्यातला एक मागे राहिला आणि वाट चुकला. दुसऱ्या एका तांड्यातला वाट चुकलेला माणूस त्यांना एका झुडपाखाली मेलेला आढळला, अंगावर कपडे, हातात चाबूक, आणि पाणी फक्त मैलभरावर.

सिजिलमासाहून वलात्याला पोहोचायला दोन महिने लागले. आता 8-10 मिस्काल पुन्हा वाचा. त्यात खणणारे आहेत, खजूर आहे, पखाली आहेत, तकशीफ आहे आणि जे पोहोचलेच नाहीत त्यांचा तोटाही आहे. मिठाची स्वतःची किंमत त्यात फारशी उरत नाही. 

वलात्याच्या खाली किंमत पुन्हा तिप्पट का होते, त्याचं एक मोठं कारण माशी आहे. दक्षिणेकडे पाऊस वाढत जातो, झाडी दाट होते आणि त्सेत्से माशीमुळे उंटासारखी जनावरं तिथे टिकत नाहीत. मग मीठ गाढवांवर चढतं, नायजर नदीवर होड्यांत जातं आणि शेवटी माणसांच्या डोक्यावर. टिंबक्टू जिथे वसलं ती जागा तेवढ्यासाठीच मोलाची. नायजर वाळवंटाला जिथे सर्वांत वर येऊन भिडते तिथे उंटावरचा माल उतरतो आणि होडीत चढतो. शिवाय वाटेवर राजे बसलेले. अकराव्या शतकात कोर्दोव्हाचा अल-बक्री घाना राज्याबद्दल लिहितो की, गाढवाच्या एका ओझ्याचं मीठ राज्यात आलं की राजा एक सोन्याचा दिनार घेई, आणि तेच बाहेर गेलं की दोन. खाणींतले सोन्याचे मोठे खडे राजाचे, भुकटी लोकांची. हे राज्य सोनं पिकवून श्रीमंत झालं असं सर्रास सांगतात, पण त्याच्या श्रीमंतीचा मोठा भाग जकातीतून आला होता. मध्ये बसणाऱ्याला नेहमीच जास्त मिळालं आहे.

आता मीठच का? माझं आजोळ उरणचं. मिठागरं घराजवळ, खडे मिठाच्या राशी पावसाळ्यापूर्वी गवताने शाकारलेल्या. त्यामुळे मीठ महाग असतं ही गोष्ट मला लहानपणी कळणंच शक्य नव्हतं. आमच्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाणी सोडायचं, कारण समुद्राच्या कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. तघाझ्याच्या लादीचं तसं नव्हतं. ती दगडासारखी घट्ट, महिनोन् महिने उंटाच्या पाठीवर टिकणारी, आणि तुकडे पाडता येणारी. म्हणूनच ती चलन म्हणूनही चालायची. इब्न बतूता लिहितो, इतर लोक सोन्याचांदीने व्यवहार करतात तसे हे लोक मिठाने करतात, कापून तुकडे करतात आणि त्याने खरेदी-विक्री करतात. मालीच्या आतल्या भागात प्रवासाला निघताना शिदोरी किंवा पैसे न्यायचे नाहीत, मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि लवंगांसारखा सुगंधी माल न्यायचा. गावागावात बायका धान्य, दूध, कोंबड्या घेऊन यायच्या.

शरीराची गरजही खरी होती. मांस-दुधावर राहणाऱ्याला त्यातून थोडंफार मीठ मिळतं. ज्याचं पोट ज्वारी-बाजरीसारख्या धान्यावर आणि ज्याचं काम भर उन्हात, त्याला वरून मीठ लागतंच, घामावाटे जातं ते भरून काढायला. गुरांनाही लागतं. पश्चिम आफ्रिकेच्या आतल्या भागात मिठाचे साठे कमी. लोक गवत आणि झाडं जाळून त्यांच्या राखेतून क्षार काढत, किनाऱ्यावरचं मीठही थोडं आत यायचं. म्हणजे तघाझ्याशिवाय लोक मरत होते असं नाही. तघाझ्याचं मीठ चांगलं होतं, टिकाऊ होतं, आणि मोठ्या प्रमाणात येत होतं.

सोन्याच्या बाजूला थोडक्यात येतो. सोनं मुख्यतः बांबुक आणि बुरे या भागांतून निघे. सेनेगल नदी आणि तिच्या फालेमे या उपनदीच्या मधलं बांबुक, नायजरच्या उगमाकडचं बुरे. मातीत खोल खड्डे घ्यायचे, माती वर आणायची आणि पाण्यात धुवायची. धुण्याचं काम बहुतेक बायकांकडे, हातात तुंबा, म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याचं भांडं. हे शेतकरी लोक होते, सुगी संपली की खाणीकडे वळणारे. सोन्याचा त्यांना उपयोग होता, दागिन्यांत वापरही होता, पण खाता येत नव्हतं. उत्तरेकडच्या लेखकांना हे साधं वास्तव माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी सोनं वाळूत गाजरासारखं उगवतं असंही लिहिलं.

'मूक व्यापारा'ची गोष्टही अशीच. एक बाजू मीठ किंवा दुसरा माल ठेवून निघून जाते, दुसरी बाजू येऊन त्याशेजारी सोनं ठेवून जाते, दोघे एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने कार्थेजच्या व्यापाऱ्यांबद्दल हेच सांगितलं आणि 1455 मध्ये सेनेगलच्या किनाऱ्यावर आलेल्या व्हेनिसच्या कादामोस्तोनेही जवळजवळ हेच सांगितलं. दोन हजार वर्षं एकच गोष्ट, आणि सांगणारा प्रत्येक जण ती ऐकून सांगतोय. माझं मत असं की प्रत्यक्षात मध्ये वांगारा व्यापारी होते, मांदे भाषा बोलणारे मुसलमान व्यापारी, ज्यांच्या पेढ्या गावोगावी होत्या. खाण कुठे आहे हे बाहेरच्याला न कळण्यात त्यांचा फायदा होता. मालीच्या राजालाही ते कळत होतं. चौदाव्या शतकात कैरोतला अल-उमरी लिहितो, खाणवाल्या लोकांना जिंकून धर्म बदलायला लावला की तिथलं सोनं कमी होतं हे अनुभवाने कळल्यामुळे राजे त्यांच्याकडून खंडणी घेऊन त्यांना तसंच राहू देत.

'किंमत म्हणजे अंतर' हे समजायला मी वर्गात मिठाऐवजी कवडी घेतो, कारण तिथे आपली भाषाच मदतीला येते. मराठीत 'कवडीमोल' म्हणजे ज्याला काहीच किंमत नाही असं. इब्न बतूता मालदीवला काझी होता. तिथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी दहा लाखही. दहाएक वर्षांनी त्याच कवड्या त्याने माली आणि नायजरकाठच्या गाओ शहरात पाहिल्या. तिथे एका दिनाराला फक्त 1150. म्हणजे मालदीव ते नायजरच्या काठापर्यंत त्याच कवडीची किंमत साडेतीनशे पट झाली. वाटेत हिंदी महासागर, इजिप्त, आणि पुन्हा हेच वाळवंट. 1964 मध्ये तेओदोर मोनो या संशोधकाला मॉरिटानियाच्या ओसाड भागात वाळूत पुरलेला एका तांड्याचा माल सापडला. पितळेच्या दोन हजारांहून जास्त कांड्या आणि त्याबरोबर कवड्या, बाराव्या शतकातल्या. कुणीतरी परत येऊ म्हणून पुरून ठेवला आणि परत आलंच नाही.

मालीचा राजा मन्सा मूसा याच्याबद्दल विचारलं नसलं तरी सांगतो, कारण त्याच्याबाबतही तसंच अतिशयोक्त बोललं जातं. 1324 मध्ये हजला जाताना त्याने कैरोत इतकं सोनं वाटलं की इजिप्तची अर्थव्यवस्था कोसळली, असं सांगतात. अल-उमरीचे आकडे बघा. आधी एका मिस्कालाला 25 दिरहमांच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, खाली भाव जात नसे, तो 22 पर्यंत किंवा त्याच्याही खाली आला आणि बारा वर्षांनी तो लिहीत होता तोपर्यंत वर गेला नव्हता. साधारण बारा टक्क्यांची घसरण. मोठी आहे, पण कोसळणं नव्हे.

सोनं उत्तरेकडे गेलं ते नाण्यांत उतरलं. मोरोक्कोतल्या अल्मोराविद घराण्याने 1050 च्या दशकात सिजिलमासा आणि दक्षिणेकडचं औदागुश्त ही व्यापाराची दोन्ही टोकं ताब्यात घेतली, आणि त्यांचे दिनार स्पेनमध्येही चालू लागले. फ्लॉरेन्सने 1252 मध्ये फ्लोरिन हे सोन्याचं नाणं पाडायला घेतलं, त्यातही आफ्रिकेतलं सोनं होतं. व्यवहार रोख भुकटीवरच चालायचा असंही नाही. दहाव्या शतकातला इब्न हौकल लिहितो की त्याने औदागुश्तच्या एका माणसावरचं 42,000 दिनारांचं कर्जपत्र पाहिलं. आपल्याकडच्या हुंडीइतकंच विश्वासाचं कागदपत्र, आणि मध्ये वाळवंट.

या वाटेने फक्त सोनं आणि मीठच जात नव्हतं, हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. 1353 मध्ये इब्न बतूता परत निघाला तेव्हा त्याच्या तांड्यात 600 गुलाम बायका होत्या. तो हे सहज, एका वाक्यात लिहून पुढे जातो. मिठाच्या लादीमागेही गुलाम, सोन्याच्या उलट फेरीतही गुलाम. आपण तेवढं वाक्य ओलांडून पुढे जाऊ नये.

तघाझ्याचा शेवट सोळाव्या शतकात झाला. मोरोक्को आणि नायजरकाठचं सोंघाई राज्य, दोघांनाही ते गाव हवं होतं. 1591 मध्ये मोरोक्कोच्या बंदूकधारी फौजेने तोंदिबीच्या लढाईत सोंघाईचा पराभव केला, टिंबक्टू आणि गाओ घेतलं, पण सोन्याच्या खाणी हाताबाहेरच राहिल्या. तघाझा ओसाड पडलं आणि खाणकाम आणखी दक्षिणेला तवदेनीला हललं. तिथून मीठ आजही टिंबक्टूला येतं, थोडं ट्रकवर, थोडं उंटांवर. तीस-चाळीस किलोच्या लाद्या, उंटाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. वाटणीची जुनी रीत अशी, की चार लाद्यांतली एक खणणाऱ्याची आणि तीन उंटवाल्याची.